राउटर, कॅमेरा, प्रिंटर उघडताना येणारी लाल सूचना: सर्टिफिकेट म्हणजे काय आणि ते कसे बसवायचे?

मस्जिदीच्या ऑफिसात कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, मदरशात वायफायचा राउटर, दुकानात नेटवर्कचा प्रिंटर, दवाखान्यात पेशंटच्या फाइली साठवणारी नॅसची पेटी. सातारा, कराड, सांगली, मिरज कुठेही जा, हे सामान आता नवीन राहिलेले नाही. यातल्या बहुतेक डब्यांच्या आत एक छोटी वेबसाइट असते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ सारखा आकडा टाकला की ती उघडते, आणि तिथून पासवर्ड बदलता येतो, रेकॉर्डिंग बघता येते, फाइली काढता येतात.

पण उघडण्याआधी बऱ्याचदा लाल त्रिकोण येतो: ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. डबा बसवणारा सांगतो, “काही नाही हो, ॲडव्हान्स्ड दाबा आणि पुढं जा.” आपण दाबतो. रोज दाबतो. शेजारी बसलेली मुलं बघतात आणि तीही शिकतात की लाल सूचना आली की पुढं जायचं असतं.

खरा धोका या सवयीत आहे. उद्या बँकेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या पानावर हीच सूचना आली तर हात आपोआप त्याच बटणावर जाईल. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे: आपल्या डब्यांना नीट सर्टिफिकेट बसवा, म्हणजे घरात लाल सूचना दिसणेच बंद होईल. मग ती जेव्हा दिसेल तेव्हा माणूस खरोखर थांबेल.

सर्टिफिकेट म्हणजे मोहर

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी परदेशी राज्यकर्त्यांना पत्रे पाठवायचे ठरवले, तेव्हा मोहर नसलेले पत्र ते लोक स्वीकारत नाहीत असे त्यांना सांगण्यात आले. मग चांदीची अंगठी तयार झाली आणि तिच्यावर ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ अशी अक्षरे कोरली गेली. तशीच अक्षरे दुसऱ्या कोणी आपल्या अंगठीवर कोरू नयेत, असेही आपण (स.) बजावले. हदीसच्या ग्रंथांत ही हकिकत आहे. पत्र कोणाचे हे मोहर सांगते, आणि मोहर एकाच हातात असली तरच तिला अर्थ असतो.

वेबसाइटचे सर्टिफिकेट हेच काम करते. त्यात मुख्य गोष्टी चार. पहिली, हे सर्टिफिकेट कोणत्या नावाचे किंवा पत्त्याचे आहे. दुसरी, ते कधीपासून कधीपर्यंत चालेल. तिसरी, त्या डब्याची उघडी चावी. चौथी, हे सगळे खरे आहे अशी दुसऱ्या कोणाची तरी सही. उघड्या चावीची जोडीदार असलेली गुप्त चावी डब्याच्या आतच राहते आणि ती कोणालाही द्यायची नसते. या जोडीच्या जोरावर ब्राउझर आणि डबा यांच्यातले बोलणे कुलूपबंद होते. यालाच एचटीटीपीएस म्हणतात.

सही कोणाची चालते? विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, क्रोम, फायरफॉक्स यांच्याकडे विश्वासू सही करणाऱ्या संस्थांची यादी असते. त्या यादीतल्या कोणाची सही असेल तर पान गुपचूप उघडते. नसेल तर लाल त्रिकोण.

मग आपल्या डब्याला सूचना का येते?

कारण कंपनीतून येताना डब्याने स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट दिलेले असते. याला ‘सेल्फ साइन्ड’ म्हणतात. आपल्याच निकाहनाम्यावर आपणच साक्षीदार म्हणून सही करावी, तसा हा प्रकार. बोलणे कुलूपबंद होते, पण समोर खरोखर आपलाच डबा आहे की मध्ये कोणी बसले आहे, हे ब्राउझरला कळत नाही.

“मग एखाद्या मोठ्या संस्थेकडूनच सही का घेऊ नये?” असे कोणी विचारेल. अडचण पत्त्याची आहे. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे आकडे घरातल्या नेटवर्कसाठी राखीव आहेत. तोच १९२.१६८.१.१ साताऱ्यातल्या एका घरात आहे, सांगलीतल्या दुकानात आहे आणि जगभर लाखो ठिकाणी आहे. तो कोणा एकाचा नाही, म्हणून त्याचे जाहीर सर्टिफिकेट कोणालाही देता येत नाही. १ नोव्हेंबर २०१५ नंतर संपणारी अशी सर्टिफिकेटे देणे आधीच थांबले होते, आणि उरलेली १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करावी असा या क्षेत्राचा नियम झाला.

काही जुन्या डब्यांचे पान नुसत्या एचटीटीपीवर चालते. तिथे लाल त्रिकोण येत नाही, पत्त्याशेजारी फक्त ‘नॉट सिक्युअर’ दिसते. क्रोमने जुलै २०१८ पासून अशा सर्व पानांवर ही पाटी लावली. सूचना सौम्य असली तरी धोका इथे जास्त आहे, कारण पासवर्ड उघडा जातो.

इतकी काळजी कशाला?

वायफायचा पासवर्ड किती जणांकडे आहे ते आठवा. रमजानमध्ये, जलशाच्या दिवशी, शाळेच्या स्नेहसंमेलनात तो सगळ्यांना सांगितला जातो. त्याच वायफायवरचा एखादा माणूस मध्ये बसून डब्याचा पासवर्ड टिपू शकतो. लाल सूचना डोळे झाकून ओलांडणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि त्या डब्यांत काय असते? औरतांच्या नमाजाच्या जागेकडे जाणाऱ्या जिन्याचे रेकॉर्डिंग. जकात मागायला आलेल्या बेवा बहिणींची यादी. पेशंटचे रिपोर्ट. ६ जून २०२५ ला ‘उमीद’ पोर्टल सुरू झाल्यावर वक्फ मिळकतींचे कागद स्कॅन करून चढवण्याची धावपळ मुतवल्लींनी केली. ते स्कॅनही कुठल्या तरी संगणकात किंवा पेटीत पडून असतात. ही लोकांची अमानत आहे. मदत घेणाऱ्याचे नाव झाकून ठेवणे हा आपल्याकडे शिष्टाचार आहे, तो संगणकालाही लागू होतो.

तीन मार्ग

१. स्वतःची मोहर तयार करणे. संस्थेचे एक मूळ सर्टिफिकेट बनवायचे आणि त्याने प्रत्येक डब्याच्या सर्टिफिकेटवर सही करायची. ज्या दोन-चार संगणकांवरून कारभार होतो तिथे ते मूळ सर्टिफिकेट एकदा बसवायचे. छोट्या संस्थेला हा मार्ग सर्वांत सोयीचा. खर्च नाही.

२. स्वतःचे डोमेन असेल तर लेट्स एन्क्रिप्ट. ही ना-नफा तत्त्वावरची सेवा २०१५ च्या डिसेंबरपासून सर्वांसाठी खुली झाली. सर्टिफिकेट फुकट मिळते आणि कोणत्याही फोनवर वेगळे काही बसवावे लागत नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये ठरावीक नोंद करून मालकी सिद्ध केली की घरातल्या डब्यालाही ते वापरता येते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जाहीर सर्टिफिकेटची मुदत आखूड होत चालली आहे: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे नूतनीकरण आपोआप होणारा डबा हवा. दुसरे, अशा प्रत्येक सर्टिफिकेटचे नाव जाहीर नोंदवहीत जाते. ‘जकात-यादी’, ‘कॅमेरा’ अशी नावे ठेवू नका.

३. डब्यात सर्टिफिकेट बदलताच येत नसेल तर त्याचा ठसा जुळवून घेणे. लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा, सूचनेच्या पानावरून सर्टिफिकेट उघडा आणि त्यातला ‘एसएचए-२५६ फिंगरप्रिंट’ वहीत उतरवून घ्या. पुढे कधीही सूचना आली तर आधी हा ठसा जुळवायचा. जुळला तरच पुढे. स्वस्त डीव्हीआरसाठी हा मार्ग कामाचा आहे.

पुढचे सगळे पहिल्या मार्गाबद्दल आहे.

आधीची तयारी

एका वहीत सगळ्या डब्यांची यादी करा: डब्याचे नाव, मॉडेल, पत्ता, कोण सांभाळतो. मग राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून प्रत्येकाचा पत्ता पक्का करा. पत्ता बदलत राहिला तर सर्टिफिकेट निरुपयोगी होते, कारण ते त्या पत्त्याच्या नावाचे असते.

कंपनीने दिलेला ॲडमिन पासवर्ड बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते अशा न बदललेल्या पासवर्डमुळे. सर्टिफिकेट उत्तम आणि पासवर्ड ‘ॲडमिन’, याला काही अर्थ नाही.

डब्याचे घड्याळ तपासा. वीज गेली की काही डब्यांची तारीख मागे जाते, कधी थेट १९७० ला. तारीख चुकली की डब्याचे आपोआप चालणारे काम बिघडते आणि नूतनीकरण फसते. सेटिंगमध्ये ‘एनटीपी’ सुरू करा आणि वेळ भारताची, म्हणजे साडेपाच तास पुढची, ठेवा.

सर्टिफिकेट बनवणे

यासाठी एक्ससीए हे फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर चालते आणि त्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

*पहिला टप्पा, डेटाबेस.* ‘फाइल’ मेनूतून नवीन डेटाबेस करा. तो मागेल तो पासवर्ड लांब ठेवा. सगळ्या गुप्त चाव्या यातच राहणार आहेत.

*दुसरा टप्पा, मूळ सर्टिफिकेट.* ‘सर्टिफिकेट्स’ टॅबवर ‘न्यू सर्टिफिकेट’. टेम्प्लेट म्हणून ‘डीफॉल्ट सीए’ निवडा आणि ‘अप्लाय ऑल’ दाबा. ‘सब्जेक्ट’ टॅबवर ‘कॉमन नेम’मध्ये ओळखू येईल असे नाव द्या आणि नवी चावी तयार करा: आरएसए, २०४८ बिट किंवा जास्त. मुदत १० वर्षे पुरे.

*तिसरा टप्पा, डब्याचे सर्टिफिकेट.* पुन्हा ‘न्यू सर्टिफिकेट’. या वेळी सही करणारा म्हणून आपले मूळ सर्टिफिकेट निवडा आणि टेम्प्लेट सर्व्हरचे घ्या. आता सर्वांत महत्त्वाची जागा: ‘एक्स्टेन्शन्स’ टॅबवरचे ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’. तिथे इंग्रजीत आयपी ही दोन अक्षरे, मग कोलन, मग डब्याचा पत्ता लिहा. २०१७ पासून क्रोम ‘कॉमन नेम’कडे बघतच नाही, फक्त ही जागा वाचतो. ती रिकामी राहिली तर सगळे करूनही लाल त्रिकोण हटत नाही.

मुदत दोन वर्षे ठेवा. आयफोन आणि मॅक ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचे सर्टिफिकेट मानत नाहीत. चावी आरएसए २०४८ आणि सही एसएचए-२५६ अशी ठेवली की जुने डबेही स्वीकारतात.

*चौथा टप्पा, डब्यात चढवणे.* डब्याच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’ किंवा ‘सिक्युरिटी’खाली ‘एचटीटीपीएस’ किंवा ‘सर्टिफिकेट’ असा भाग शोधा. काही डबे सर्टिफिकेट आणि चावी अशा दोन फाइली मागतात, काही दोन्हींची एकच पासवर्डवाली पी१२ किंवा पीएफएक्स फाइल मागतात. एक्ससीएच्या ‘एक्सपोर्ट’मधून दोन्ही निघतात. डब्यातच ‘सर्टिफिकेट रिक्वेस्ट’ तयार करायची सोय असेल तर ती आणखी चांगली: गुप्त चावी डब्याबाहेर येतच नाही. ती रिक्वेस्ट एक्ससीएमध्ये घेऊन सही करा, मात्र पत्त्याची जागा भरली आहे का ते सही करताना बघा.

फाइल चढली की एचटीटीपीएस सुरू करा, साधे एचटीटीपी बंद करा आणि डबा एकदा बंद-चालू करा. चढवण्यासाठी काढलेल्या चावीच्या फाइली नंतर संगणकावरून पुसून टाका.

संगणक आणि फोनवर मूळ सर्टिफिकेट

इथे फक्त मूळ सर्टिफिकेटची फाइल द्यायची, तिची चावी नाही.

*विंडोज:* फाइलवर डबल क्लिक, ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट’, मग ‘लोकल मशीन’. साठवण्याची जागा आपण निवडायची: ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’. क्रोम आणि एज हीच यादी वाचतात. फायरफॉक्समध्ये तरीही सूचना आली तर त्याच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ सेटिंगमध्ये ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’, ‘ऑथॉरिटीज’, ‘इम्पोर्ट’ असे जा.

*अँड्रॉइड:* सेटिंगमध्ये सिक्युरिटीखाली ‘एन्क्रिप्शन अँड क्रेडेन्शियल्स’, मग ‘इन्स्टॉल अ सर्टिफिकेट’, ‘सीए सर्टिफिकेट’. कंपनीप्रमाणे नावे थोडी इकडेतिकडे असतात. फोन ताकीद देतो आणि पुढे ‘नेटवर्कवर नजर ठेवली जाऊ शकते’ अशा अर्थाची नोंदही दाखवतो. आपणच बनवलेल्या सर्टिफिकेटसाठी ती अपेक्षित आहे. क्रोममध्ये पान उघडेल. कॅमेऱ्याचे ॲप मात्र हे मानेलच असे नाही, कारण अँड्रॉइड ७ पासून ॲप्स बाहेरून बसवलेल्या सर्टिफिकेटवर आपोआप विश्वास ठेवत नाहीत.

*आयफोन:* फाइल उघडून प्रोफाइल इन्स्टॉल करा. नंतर ‘जनरल’, ‘अबाउट’, ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’मध्ये जाऊन ते चालू करा. ही दुसरी पायरी राहून गेली तर काम होत नाही.

मूळ चावी: हीच खरी अमानत

ज्याच्याकडे मूळ सर्टिफिकेटची गुप्त चावी आहे, तो कोणत्याही बँकेच्या नावाचे खोटे सर्टिफिकेट बनवू शकतो आणि तुम्ही ज्या ज्या संगणकावर ते मूळ बसवले तो संगणक ते मुकाट्याने मानेल. मोठ्यांच्या घरातही असे झाले आहे. जुलै २०१४ मध्ये भारताच्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या सहीने गुगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे उघड झाले. ती रद्द करावी लागली आणि क्रोमने भारत सरकारच्या मूळ सर्टिफिकेटची हद्द काही ठरावीक डोमेनांपुरती आखून दिली. त्यामुळे तीन नियम पाळा.

- चावीचा डेटाबेस रोजच्या संगणकावर ठेवू नका. पेनड्राइव्हवर, पासवर्डसह, कुलपात ठेवा. पासवर्ड दोन विश्वस्तांना माहीत असावा, एकालाच नको.
- मूळ सर्टिफिकेट फक्त कारभार बघणाऱ्यांच्या संगणकावर बसवा. नमाजी, विद्यार्थी, पाहुणे यांच्या फोनवर त्याची गरज नाही. त्यांना वेगळे ‘गेस्ट’ वायफाय द्या.
- दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेले सर्टिफिकेट कधीही बसवू नका. कॅमेरेवाला सांगत असला तरी ते कोणी बनवले, चावी कोणाकडे आहे, हे आधी विचारा. उत्तर नीट मिळाले नाही तर नको म्हणा.

आणि दुसरी प्रत ठेवा. ज्या अंगठीची गोष्ट वर सांगितली, ती हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात अरीसच्या विहिरीत पडली आणि तीन दिवस शोधूनही सापडली नाही. वस्तू हरवतात. आपल्याकडे तर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घरादुकानांत शिरलेले सगळ्यांनी पाहिले आहे. नदीकाठच्या संस्थेने एक पेनड्राइव्ह वरच्या मजल्यावर आणि दुसरा गावाबाहेर, साताऱ्याला किंवा कराडला विश्वासू माणसाकडे, पाकीट बंद करून ठेवावा. पासवर्ड त्याच पाकिटात नको.

तरीही सूचना आली तर

सूचनेखालचा इंग्रजी कोड वाचा, कारण त्यातच दिसतो. त्यात ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर पत्ता बदलला आहे किंवा पत्त्याची जागा रिकामी राहिली आहे. ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर मुदत संपली किंवा तुमच्या संगणकाची तारीख चुकली आहे. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर या संगणकावर मूळ सर्टिफिकेट नाही, किंवा डबा रीसेट होऊन जुन्या सर्टिफिकेटवर गेला आहे. काल चालत होते, डब्याला कोणी हात लावलेला नाही आणि आज अचानक सूचना आली, तर पासवर्ड टाकू नका. वायरने डबा जोडून ठसा तपासा, मगच पुढे.

सर्टिफिकेटने काय होत नाही

एचटीटीपीएस म्हणजे समोरचा माणूस इमानदार, असे नाही. ठगही आपल्या खोट्या साइटला खरे सर्टिफिकेट घेतात. मोहर सांगते की पत्र त्या नावाच्या माणसाचे आहे. तो माणूस चांगला की वाईट, ते नाव वाचून आपण ठरवायचे. म्हणून पत्त्याचे स्पेलिंग वाचायची सवय लावा.

तसेच सर्टिफिकेट बसवले म्हणून डब्याचे पान इंटरनेटवर उघडे करू नका. राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ केले असेल तर ते बंद करा. बाहेरगावाहून कॅमेरे बघायचेच असतील तर व्हीपीएन वापरा. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

वहीतल्या यादीत प्रत्येक डब्यासमोर सर्टिफिकेट संपण्याची तारीख लिहा आणि त्याच्या महिनाभर आधीची आठवण दोन माणसांच्या फोनवर लावा. मग घरी, मदरशात, दुकानात मुलांना एकच नियम सांगा: आपल्याकडे लाल सूचना येत नाही, म्हणून आली तर दाबायचे नाही, मोठ्यांना हाक मारायची.